धानाच्या गावातली नाटके

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाचे बोलून झाले, कर्जाचे झाले, विजेचे झाले. आता थोडे नाटकाचे बोलू. हसू नका, यातही हिशेब आहे.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या धानपट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. तिथे दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम लागतो, तो होळीच्या आसपासपर्यंत चालतो. गावात मंडई भरते. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. दहाच्या सुमाराला पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत खेळ चालतो. पुण्या-मुंबईकडे अडीच तासांत खुर्च्या करकरायला लागतात. इथे माणसे चादरी पांघरून थंडीत रात्रभर बसतात, आणि तीही तिकीट काढून.

कंपन्यांचे ठाणे वडसा, सरकारी कागदावर देसाईगंज. गावातली दहा-पंधरा पोरे मंडळ करतात, वडशाला जातात, तारीख धरतात, इसार देतात. मग मैदान साफ करा, कनाती बांधा, तिकिटे खपवा, रात्री दारावर उभे राहा. यात एकालाही पगार नाही. कलावंत आपली बिदागी घेऊन जातात, गल्ला मंडळाचा. चार पैसे उरले तर शाळेला, देवळाला, गावच्या अडलेल्या कामाला. तूट आली तर पोरांच्या खिशातून. अनुदानाचा अर्ज घेऊन कुणी तहसिलीत उभा राहत नाही.

त्या निमित्ताने लेकी माहेरी येतात, घरोघर पाहुणे उतरतात, सोयरिकी जुळतात. नाटकात हुंडा असतो, दारू असते, बांधावरून भावाभावांत लागलेली भांडणे असतात. पारावर जे तोंडावर बोलता येत नाही ते तिथे मोठ्याने बोलले जाते, आणि ज्याला लागायचे त्याला बरोबर लागते. पूर्वी गावचीच माणसे तोंडाला रंग लावत, बायकांची कामेही पुरुषच करत. आता बहुतेक कामे कंपनीचे नट करतात. आमच्या मते हे नुकसानच झाले. पण मंडळ अजून गावचे आहे. या रंगभूमीवर उभी हयात घालवलेले गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातल्या पुष्कळांनी झाडीपट्टी हे नाव पहिल्यांदा ऐकले असेल.

हे सारे सुखाने चालले असे नाही. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. दिवसाचा पट गेला. पटाच्या गर्दीवर ज्यांचा रात्रीचा गल्ला उभा होता त्या मंडळांनी काय करायचे, हा प्रश्न दिल्लीत कुणाला पडला नसावा. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. मध्ये कोरोना येऊन गेला तो वेगळाच.

आता आपल्याकडे पाहा. आपण गाव म्हणून एकत्र कधी बसतो? जिनिंगच्या दारात गाड्यांच्या रांगेत, बँकेच्या पायरीवर, नाहीतर मयतीला. ज्या घरचा माणूस औषध पिऊन गेला त्या घरी तेराव्यानंतर कोण जाते, ते ज्याने त्याने आठवावे.

कुणी म्हणेल, धानवाल्यांना जमते, आम्हांला का नाही? कारण पिकात आहे. धान एकदम कापले जाते, हात एकदम मोकळे होतात, पैसाही एकदम दिसतो. कापूस तीन-चार वेचण्यांत येतो, पैसा तुकड्यातुकड्याने येतो आणि येण्याआधीच कृषी केंद्रवाल्याच्या वहीत जमा असतो. तेव्हा दिवाळीची तारीख आपल्याला परवडायची नाही. शेवटची वेचणी आणि ज्वारीची सोंगणी उरकल्यावरचीच धरावी लागेल. तोवर तिकडचा हंगाम उतरणीला लागतो, म्हणून बोलणे दसऱ्याआधीच करून ठेवावे लागेल. ज्या गावांना मंडळ करायचे आहे त्यांनी बैठक संपल्यावर थांबा. इसाराचे पैसे कुणाकडे राहतील आणि वही कोण लिहील, एवढे आजच ठरवू.