ऑपरेशनला कोणाकडे जावे?

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. डॉक्टरांविषयी बोलण्याचा मला काय अधिकार, असे मी चिटणीसबाईंना म्हणून पाहिले. त्या म्हणाल्या, "पोटावर टाके कोणाच्या आहेत?" तेव्हा आज उभी राहिले आहे.

गेल्या दिवाळीत फराळ करताना उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की हातातला झारा सुटला. जागरणाने पित्त झाले असेल म्हणून मी दोन महिने आले-लिंबू घेत राहिले. कळा थांबेनात, तेव्हा सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे निघाले. खडे असून त्रास नसेल तर बहुधा ऑपरेशन लागत नाही. पण मला वारंवार कळा येत होत्या, म्हणून पित्ताशय काढणे भाग होते.

पहिल्या ठिकाणी डॉक्टरांनी कागद पाहिले आणि "उद्या दाखल व्हा" म्हणाले. पोट फाडावे लागेल का, असे मी विचारले. माझ्याकडे न पाहता ते ह्यांना म्हणाले, "बाईंना सांगा, काळजीचं कारण नाही." पोट माझे आणि उत्तर ह्यांना! साडी घेताना आपण दुकानदाराला वीस घड्या मोडायला लावतो, आणि इथे एक प्रश्न जड झाला. मी उठून घरी आले.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मग समजावून सांगितले. पाटीवर नुसते एम.एस. पाहून जाऊ नये. डोळ्यांचे, हाडांचे डॉक्टरही एम.एस. असतात. आपल्याला हवी ती जनरल सर्जरीतली एम.एस. किंवा डी.एन.बी., आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी. पण पदवी झाली म्हणजे सारे झाले नाही. केस पांढरे असले तरी हात याच कामात मुरलेला असेल असे नाही. "हेच ऑपरेशन महिन्यातून किती करता, ते विचारा," असे ते म्हणाले.

दुसऱ्या सर्जनकडे मी प्रश्न लिहूनच नेले. त्यांनी न रागावता उत्तरे दिली. हे ऑपरेशन ते आठवड्याला तीन-चार करीत. दुर्बिणीतून करू म्हणाले. भारतात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्तन उदवाडिया यांनी असे पित्ताशय काढले, आणि पुढे ही पद्धत सगळीकडे रुळली. भूल कोण देणार, रात्री काही झाले तर कोण येणार, तेही त्यांनी सांगितले.

माझा शेवटचा प्रश्न होता, अडचण आली तर? त्यांनी कागदावर चित्र काढले. पित्ताशयाची नळी आणि यकृताकडून आतड्याकडे जाणारी मोठी पित्तनलिका अगदी जवळजवळ असतात. सूज येऊन सगळे चिकटले की ओळखू येत नाहीत, आणि चुकून मोठी कापली गेली तर फार हाल होतात. "मला स्पष्ट दिसलं नाही, तर मी पोट उघडीन. त्याची संमती आधीच द्या," असे ते म्हणाले.

आणि तसेच झाले! शुद्धीवर आले तो पोटावर मोठी पट्टी. वन्सं म्हणाल्या, "म्हणजे दुर्बिणीचं फसलंच की!" मलाही रडू आले. दोन दिवसांऐवजी सहा दिवस राहावे लागले, पुढे दीड महिना कळशी उचलता आली नाही. पण हट्टाने दुर्बिणीतूनच केले असते तर काय झाले असते, ते चित्र मी पाहिले होते. वेळेवर दुर्बीण बाजूला ठेवली, यातच मला त्यांचा अनुभव दिसला.

सहीचेही सांगते. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका बाईचे गर्भाशय तिच्या आईची सही घेऊन काढले होते. जिवावर बेतलेले नसताना सज्ञान बाईची स्वतःचीच संमती हवी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. तेव्हा कागद वाचून घ्या, समजला नाही तर वाचून दाखवायला सांगा.

मात्र कळांबरोबर ताप किंवा कावीळ असेल तर निवड करीत बसू नका. जवळचे मोठे रुग्णालय गाठा.

प्रश्नांचा तो कागद मी आणला आहे. हवा त्यांनी उतरून घ्यावा, पण परत द्यावा. मागच्या बाजूला माझा चकल्यांचा हिशेब आहे.