सावलीचे मागणीपत्र



आम्ही शाळा अर्ध्यावर सोडलेली माणसे. तेव्हा अंगण आणि झाडे या विषयावर अंबडच्या कारखान्यांच्या फाटकांवर उभे राहून जे पाहिले, तेच आपणांपुढे ठेवतो.

मोगल अमदानीत नाशिकला गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचे शहर, म्हणत. आमच्या वाट्याला त्या शहराचा पत्र्यांचा भाग आला. तेथे एका फाटकाबाहेर जुना कडुनिंब होता. कायम कामगारांना आत कॅन्टीन. कंत्राटी मजूर त्या निंबाखाली भाकरी सोडीत. ट्रक वळविण्यास जागा हवी म्हणून निंब तोडला. नागरी भागात परवानगीवाचून झाड तोडू नये, असा कायदा 1975 पासून आहे. परवानगी आहे काय, एवढे तरी आम्ही विचारावयास हवे होते. विचारले नाही; बोनसची बोलणी चालू होती. पुढच्या वैशाखात ती माणसे उभ्या ट्रकखाली बसून जेवताना दिसली.

पत्र्याची शेड घातली की झाले, असे तेव्हा आम्हांसही वाटले. पण पत्रा ऊन अडवितो आणि स्वतः तापून खालच्या माणसाला भाजतो. झाड मुळांनी ओढलेले पाणी पानांतून वाफ करून सोडते, आणि वाफ होताना भोवतीची उष्णता खर्च होते. माठातले पाणी गार होते ते याच न्यायाने. शिवाय पाने धूळ धरतात. मोकळ्या मातीत पाऊस मुरतो, काँक्रीटवरून तो सरळ गटारात जातो.

मालकाला बोल लावून आम्ही सुटत नाही. सिडकोच्या लहान घरांना मोकळी जागा होती. थोरल्याचे लग्न ठरले, खोली वाढविली. अंगण गेले, तुळस डब्यात आली. हे हौसेने नव्हे, अडचणीने झाले. म्हणूनच ज्याचे अंगण गेले, त्याला रस्त्यावरचे आणि बागेतले झाड अधिक हवे.

1948 च्या कारखाने कायद्याने दीडशेहून अधिक कामगारांसाठी विश्रांतीची व जेवणाची जागा, आणि अडीचशेहून अधिक असल्यास उन्हाळ्यात गार पाणी, मालकांवर बंधनकारक केले. फाटकाबाहेर जेवणाऱ्याला त्याचा काय उपयोग? आमच्या मागणीपत्रांत महागाईभत्ता आहे, गणवेश आहे, साबणसुद्धा आहे. झाड एकदाही नाही.

पुढच्या मागणीपत्रात ते कलम आम्ही घालणार. फाटकाजवळ, वाहनतळावर, बसथांब्यावर वड, कडुनिंब, करंज लावावेत. आणि पहिले तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, ते नावानिशी लिहावे. मालक विचारतील, तुम्ही काय देणार? आम्ही आपापल्या दारापुढच्या चार फरश्या उखडून माती मोकळी करू आणि तेथे रोप लावू.

आरंभ त्या तोडलेल्या निंबाच्या जागेपासून व्हावा, एवढी आमची विनंती आहे.