दोन स्वयंसेवक
(युवक मेळाव्यात केलेलं भाषण)

मित्रहो, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आयाबायांनो,

संयोजकांनी मला विषय दिलाय, ‘अभ्यासेतर उपक्रम आणि विद्यार्थ्याची मूल्ये’. मूल्य हा शब्द ऐकला की माझा हात आधी खिशाकडे जातो. आजवर ज्यानं ज्यानं आपल्याला मूल्यं शिकवली, त्यानं आपल्याकडून काही ना काही फुकटात करून घेतलंय. म्हणून मी आज झाडूवर बोलतो. त्यातून मूल्य निघतं का ते तुम्ही बघा.

राष्ट्रीय सेवा योजना, म्हंजे एनएसएस, तुम्हाला ठाऊक आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला ती सुरू झाली. ३७ विद्यापीठं, ४०,००० पोरं. आता तो आकडा लाखांत आहे. छातीवर कोणार्कच्या चाकाचा बिल्ला, तोंडात ‘नॉट मी बट यू’. दोन वर्षांत २४० तास काम, सात दिवसांचं शिबिर, शेवटी सर्टिफिकेट. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर तर सेवेला क्रेडिटसुद्धा मिळायला लागलंय.

माझ्या अंगात देशसेवा उतू जात होती म्हणून मी त्यात गेलो नाही. शिबिरात सात दिवस दोन वेळचं पोटभर जेवण असतं आणि गुणांची सवलत मिळते, असं एका सीनियरनं सांगितलं. म्हणून गेलो. यात लाज कसली?

शिबिर एका खेड्यात, मुक्काम शाळेत. दुसऱ्या दिवशी ग्रामसफाई. सरांनी खराटे वाटले. पोरं खराटा धरत होती क्रिकेटच्या बॅटसारखा. नुसती धूळ वर उडत होती. मी कमरेत वाकलो, खराटा आडवा टेकवला, आणि गल्लीच्या त्या टोकापासून कचरा रेटत आणला. सर मोठ्यानं म्हणाले, “बघा रे, याच्याकडनं शिका. कसा हात बसलाय!” टाळ्या पडल्या. फोटो निघाला. तो आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकात छापूनही आला.

दोस्तांनो, तो हात माझा नव्हता. माझ्या आईचा होता. लहानपणी शाळेला सुट्टी असली की मी तिच्याबरोबर जायचो. ती पहाटे पाचला हजेरी चौकीवर असते. अठरा वर्षं एकच वॉर्ड झाडतेय, कंत्राटावर. तिच्यासाठी अजून कुणी टाळी वाजवलेली नाही.

रात्री बौद्धिक झालं. पाहुणे म्हणाले, झाडू मारल्यानं अहंकार गळून पडतो. ज्याला अहंकार परवडतो त्याचा पडत असेल. आमच्या आळीत चार पिढ्यांनी झाडू मारला, कुणाचं काय गळून पडलं म्हणाल तर केस आणि दात. मग गाडगेबाबांचं नाव निघालं. ते निघणारच. बाबांचा खराटा सगळ्यांना आठवतो, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, ते कुणालाच आठवत नाही. झाडणाऱ्याच्या पोरानं शिकावं, हा त्या खराट्याचा दुसरा दांडा आहे. तो कापून ठेवायचा आणि फोटोपुरता पहिला धरायचा, ही इथली जुनी मखलाशी.

बाबासाहेबांनी ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ या १९४५ च्या ग्रंथात याच जागेवर बोट ठेवलंय. एका जातीच्या माथी घाण मारायची, वर त्या कामाचे गोडवे गायचे, आणि जे लादलं ते तिनं स्वखुशीनं पत्करलंय असं भासवायचं. त्यांना ही क्रूर थट्टा वाटली. ‘स्वखुशीनं’ हा शब्द ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

पण शिबिराला मी नुसत्या शिव्या घालणार नाही. पाचव्या दिवशी सरांनी आम्हाला एक छापील प्रश्नावली दिली. घरोघर जायचं, भरून आणायची. घरात माणसं किती, नळ आहे का, संडास आहे का, कामाला कोण जातं, किती तास, किती रुपये. माझ्या वाट्याला बौद्धवाडा आला. का आला ते सांगायला नको. गावातल्या गटारीचं काम मारुतीच्या देवळाशी संपलं होतं, वाडा त्याच्या पुढं. मी २६ घरं भरली. पहिल्या घरी मला विचारताना ओशाळल्यागत झालं. दहाव्या घरापर्यंत कळलं, विचारलेलं माणसाला आवडतं. एक म्हातारी म्हणाली, “लिव्ह बाबा. आमचं कुणी इचारतच न्हाई.” आकडे एकाखाली एक आले तेव्हा जे दिसलं, ते कुठल्याच बौद्धिकात ऐकलं नव्हतं. २६ घरं, नळ २. माणूस रडला तर लोक तोंड फिरवतात, पण आकड्यापुढून तोंड फिरवायला जरा अवघड जातं.

एक कोरी प्रश्नावली मी बॅगेत घालून घरी आणली. रविवारी आईपुढं बसलो.

“किती तास काम?”

“आठ. कधी नऊ.”

“पगार किती, पावती मिळते का?”

“पावती कसली रं? वहीवर अंगठा घेत्यात.”

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर चौकीवर गेलो. मुकादम चहाला गेला होता, वही टेबलावर उघडी. वरती लिहिलं होतं, ‘स्वयंसेवक’. पुढच्या रकान्यात ‘मानधन’. आईच्या नावापुढं तिचा अंगठा.

म्हंजे घरात दोन स्वयंसेवक! मी सात दिवस झाडलं तर मला सर्टिफिकेट, आणि ती अठरा वर्षं झाडते ती मानधनावर. मजूर म्हटलं तर किमान वेतन द्यावं लागतं, पीएफ भरावा लागतो, भरपगारी सुट्टी द्यावी लागते. स्वयंसेवक म्हटलं की काहीच नाही. ती आपली स्वखुशीनं आलीय! आता कळलं हा शब्द कुठं लागतो ते?

हे फक्त आमच्याच शहरात घडतं असं समजू नका. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघानं कंत्राटी सफाई कामगारांसाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा २० माणसांपासून पुढं लागू व्हायचा, आणि कंत्राटं मात्र त्याच्या आतल्या माणसांची निघायची. शेवटी २०१७ साली सुप्रीम कोर्टानं २,७०० कामगारांना कायम करण्याच्या बाजूनं निकाल दिला. त्या लढ्यात वकील होते, पुढारी होते. पण निम्मं काम कागदाचं. कोण कधीपासून लागला, कुठल्या गाडीवर, हजेरी कुठं. हे कागद कुणीतरी गोळा केलेच असतील ना?

कायम असलेल्याचं पुन्हा वेगळं. त्याच्या पोराला लाड-पागे समितीच्या शिफारशीमुळं वारसा हक्कानं नोकरी मिळते. माझा एक मित्र बी.कॉम. झाला आणि बापाच्या जागी झाडू घेऊन उभा राहिला. त्याला नावं ठेवणारे आपल्यातही आहेत. ठेवू नका. घरात पाच तोंडं असताना पर्मनंट पगार सोडा म्हणणं सोपं असतं. त्याला विचारा, तोच सांगेल, की पदवीनंतर दुसरं दार उघडलं असतं तर तो ह्या दारात उभा राहिला नसता.

तर आम्ही पाच जण दर रविवारी पहाटे चौकीवर जायला लागलो. हे कुठल्या योजनेत बसत नाही, याचे तास कुणी धरत नाही. ३१ बाया आहेत. एकेकीची प्रश्नावली भरली. बँकेची पासबुकं उघडली. जमा किती, वहीवर किती, खालच्या खाली कापलं किती. चौघींच्या नावावर पीएफ नंबर निघाला, त्यांना पत्ताच नव्हता. कॉलेजात तीन वर्षं अकाउंट्स शिकलो, पण ताळेबंद कशाला म्हणतात ते मला त्या फुटपाथवर कळलं.

ठेकेदाराच्या माणसानं आईला निरोप धाडला, पोराला आवर. आई रात्री मला म्हणाली, “तुझा कागुद पुरा हुईस्तवर माझी हजेरी बंद झाली तर घरभाडं कोण भरंल? तू?”

ह्याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. अजून नाही. सभेत टाळीची वाक्यं टाकणाऱ्यांनी हा प्रश्न आधी घरी ऐकावा. लढ्याची किंमत पहिल्यांदा ती मोजणार आहे, मी नाही. म्हणून अर्ज करायचा की नाही हे आम्ही पोरांनी ठरवलं नाही. बायांनीच बैठक घेतली, आम्हाला बाहेर बसवून. दोन तास. आतून भांडणाचा आवाज येत होता. अर्ज द्यायचा ठरला. ज्यांची भीती वाजवी आहे त्यांनी सही करायची नाही आणि त्यांना कुणी बोल लावायचा नाही, असंही ठरलं. एवढं शहाणपणाचं कलम मी आजवर एकाही संघटनेच्या घटनेत वाचलेलं नाही.

अर्जावर १९ सह्या झाल्यात, अंगठे धरून. आईची नाही. ती म्हणते, वीस होऊ देत, मग बघू. कामगार आयुक्तांच्या कचेरीत पुढच्या महिन्यात तारीख आहे. तोवर पासबुकांच्या झेरॉक्स लावायच्यात, हजेरीचे महिने जुळवायचेत. वाचता येणारी आणि पहाटे उठू शकणारी आणखी चार-पाच पोरं-पोरी लागतील. नावं मागच्या टेबलावर द्या, चौकी कुठंय ते तिथंच सांगतील.