मतदार यादी : वाचायची केव्हा?

(सुदुंबरे, ता. मावळ, जि. पुणे येथे कार्यकर्ते व ग्रामस्थ यांच्या एकत्रीकरणात झालेल्या भाषणाचे शब्दांकन.)



तुकोबारायांचे अभंग ज्यांनी आपल्या हाताने उतरवून घेतले, त्या संताजी महाराज जगनाडे यांची समाधी ज्या गावी आहे, त्या गावी आज मी एका वहीविषयीच बोलणार आहे. संताजी चाकणचे, व्यवसाय तेलाच्या घाण्याचा. इंद्रायणीत वह्या बुडविल्या गेल्या, तेव्हा लोकांच्या मुखी जे उरले होते ते संताजींनी पुन्हा टिपून घेतले, असे परंपरा सांगते. त्या वहीशी सरकारी मतदार यादीची तुलना करण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु टिपणारा प्रामाणिक आणि सावध नसेल तर काय हरवते, हे ह्या गावाला वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

गेली दोन वर्षे महाराष्ट्रात मतदार यादीवरून मोठे वादळ उठलेले आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी राज्यात सुमारे ९ कोटी ३० लाख मतदार होते. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी मतदान झाले तेव्हा ते सुमारे ९ कोटी ७० लाख झाले. पाच-सहा महिन्यांत ही भर आली कोठून, असा प्रश्न विरोधी पक्षांनी विचारला. १ नोव्हेंबर २०२५ रोजी मुंबईत त्यासाठी मोर्चा निघाला. त्यानंतर सत्ताधारी पक्षानेही विरोधकांच्या मतदारसंघांतील दुबार नावे मोजून दाखविली. म्हणजे यादीत दोष आहेत, यावर दोन्ही बाजूंचे एकमत झाले. दोष कोणाच्या लाभाचे, एवढाच वाद उरला! निवडणूक आयोगाचे म्हणणे असे की, जानेवारी २०२५ च्या पुनरीक्षणानंतर साऱ्या महाराष्ट्रातून यादीविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे केवळ ८९ अपिले आली आणि मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे अपील आले ते एक. पावणेदहा कोटी मतदारांचे राज्य, आणि अपिले ८९.

हा आकडा ऐकून मला आयोगाच्या निर्दोषत्वाची ग्वाही मिळाली असे नव्हे. अपिलाची वाट किती जणांना ठाऊक असते? परंतु तेवढाच हा आकडा आपल्या सर्वांच्या आळसाविषयीही बोलतो. प्रारूप यादी प्रसिद्ध होते, ती मतदान केंद्रावर आणि तहसील कचेरीत वाचावयास ठेवलेली असते, हरकतींसाठी मुदत असते. त्या दिवसांत तेथे कोणी फिरकत नाही. निकाल लागला की मात्र सारा गाव यादीतज्ज्ञ होतो.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा आणि १९६० चे मतदार नोंदणी नियम, ह्या दोहोंवर सारी इमारत उभी आहे. मतदार भारताचा नागरिक हवा, अठरा वर्षांचा हवा, आणि त्या मतदारसंघातील ‘सर्वसाधारण रहिवासी’ हवा. वयाची अट मुळात एकवीस होती. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ती अठरा झाली. पूर्वी केवळ १ जानेवारी हीच पात्रतेची तारीख असे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वर्षातून चार तारखा मिळाल्या : जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर यांची पहिली तारीख. नवीन नावासाठी नमुना ६, हरकत वा वगळणी यासाठी नमुना ७, दुरुस्ती व स्थलांतर यासाठी नमुना ८. एक नाव एकाच मतदारसंघात आणि तेथेही एकदाच. खोटे प्रतिज्ञापन करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो.

यांतील खरी गुंतागुंत ‘सर्वसाधारण रहिवासी’ ह्या दोन शब्दांत आहे. गावात घर आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, एवढ्याने मनुष्य तेथील रहिवासी ठरत नाही, असे कायदा स्पष्ट सांगतो. उलट, काही काळ बाहेर गेला म्हणून त्याचे रहिवासित्व जातही नाही. आता आपल्या आजूबाजूला पाहा. एका बाजूला चाकण, दुसऱ्या बाजूला तळेगाव, पलीकडे पिंपरी-चिंचवड. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून आणि परप्रांतांतूनही तरुण ह्या कारखान्यांत येतात, खोल्या घेऊन राहतात. त्यांची नावे गावाकडच्या यादीत. काहींची येथेही नव्याने घातलेली. यांत कट-कारस्थान क्वचित असते. नवीन ठिकाणी अर्ज करताना जुने नाव काढावे लागते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. लेकीबाळींचे तसेच. माहेरच्या यादीत माहेरचे नाव, सासरच्या यादीत सासरचे. दोन नावे, दोन आडनावे, बाई एक. संगणकाला ती दोन बायका वाटते.

आणि आता थोडे कटू बोलतो, क्षमा असावी. ग्रामपंचायतीची निवडणूक दहा-वीस मतांवर लागते. म्हणून वीस वर्षांपूर्वी मुंबईला गेलेल्या भावकीची नावे आपण यादीत जपून ठेवतो आणि मतदानाच्या आदल्या रात्री गाड्या पाठवितो. त्या भावकीने तिकडेही मतदान केलेले असते. हे करणारा मनुष्य सभेत उठून बोगस मतदारांविषयी तावातावाने बोलतो, तेव्हा त्याला स्वतःचे बोलणे ऐकू येते की नाही, कोण जाणे.

नगरपालिका, जिल्हा परिषदा, ग्रामपंचायती यांच्या निवडणुका घेणारा राज्य निवडणूक आयोग वेगळा आणि भारत निवडणूक आयोग वेगळा, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. राज्य आयोग स्वतः मतदार नोंदवीत नाही; विधानसभेची यादी घेऊन तो प्रभागवार विभागतो. तेथे नाव घालणे अथवा मुळातून काढणे त्याच्या हाती नसते. २०२५ च्या स्थानिक निवडणुकांच्या वेळी म्हणूनच संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे छापण्याचा आणि तो मतदार नेमका कोठे मतदान करणार हे त्याच्याकडून लिहून घेण्याचा मार्ग त्याने पत्करला. ही मलमपट्टी आहे. मूळ जखम विधानसभेच्या यादीत आहे.

इतिहासात थोडे मागे जाऊ. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांसाठी विभक्त मतदारसंघ निर्माण केले. त्याची परिणती कशात झाली ते आपण जाणतो. स्वतंत्र भारताच्या घटनेने ३२५ व्या अनुच्छेदात तो मार्ग बंद केला. प्रत्येक मतदारसंघाची यादी एकच, आणि धर्म, वंश, जात, लिंग ह्या कारणांनी कोणीही तीतून वगळला जाणार नाही. राष्ट्रीय एकात्मतेचा ह्याहून मोठा दस्तऐवज मला ठाऊक नाही. त्याच्याशी निगडित एक गोष्ट मात्र आपण सांगत नाही. निवडणूक आयोग मध्यवर्ती असावा, प्रांतांच्या हाती यादी राहू नये, असा आग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १५ जून १९४९ रोजी घटना समितीत धरला. कारण, काही प्रांतांत भाषेने, संस्कृतीने वेगळ्या असलेल्या लोकांना यादीतून गाळले जात असल्याच्या तक्रारी त्यांच्यापर्यंत आल्या होत्या. यादीत खोटे नाव घुसणे हा जसा धोका, तसाच खरे नाव गळणे हाही, हे बाबासाहेबांनी पहिले मत पडण्यापूर्वीच ओळखले होते.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी यादीत सतरा कोटींहून अधिक नावे होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे एक विलक्षण अडचण उभी राहिली. उत्तर भारतातील लक्षावधी स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची पत्नी एवढीच ओळख दिली. आपल्याकडच्या बायका नवऱ्याचे नाव घ्यायला लाजत, त्या बायका स्वतःचे! सेन यांनी तडजोड केली नाही. मुदत वाढवून दिली, आणि त्यानंतरही ज्यांची नावे मिळाली नाहीत अशा सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. निर्णय कठोर होता. परंतु पुढच्या निवडणुकांत स्त्री स्वतःच्या नावाने मतदार झाली.

घुसखोरांचा प्रश्न मी टाळणार नाही. ह्या सभेत तो माझ्या बोलण्यापूर्वीच विचारला गेला आहे. नागरिक नसलेल्याचे नाव यादीत राहता कामा नये. ही मागणी कोणा पक्षाची नसून ती १९५० च्या कायद्याच्या सोळाव्या कलमातच आहे. पण नाव काढावयाचे कसे? नव्वदीच्या दशकात मुंबईतील काही वस्त्यांत हजारो मतदारांना नागरिकत्व सिद्ध करण्याच्या नोटिसा गेल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये लाल बाबू हुसेन खटल्यात न्यायालयाने त्या नोटिसा रद्द केल्या. ज्याचे नाव आधीपासून यादीत आहे, त्याला संशयाचे कारण सांगितले पाहिजे, त्याची सर्व कागदपत्रे पाहिली पाहिजेत, केवळ पोलिसांच्या अहवालावर विसंबता येणार नाही, असा तो निर्णय. आपल्यापैकी अनेकांना तो रुचला नाही. मलाही तेव्हा रुचला नव्हता. आज माझे मत वेगळे आहे, आणि ते कशाने पालटले ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात आम्ही यादी शुद्धीकरणाचे काम हाती घेतले. दारोदार जायचे, यादीतील नाव वाचायचे, मनुष्य आहे की नाही ते लिहायचे. एका बंद दारापाशी आमच्या तरुण कार्यकर्त्याने शेजाऱ्यांना विचारले. उत्तर आले, “आजी गेल्या.” त्याने नावापुढे ‘मयत’ लिहिले. गठ्ठ्यातील इतर अर्जांबरोबर तो नमुना ७ मी स्वतः तपासून पुढे दिला. नोटीस बंद दारावरच गेली असावी. मतदानाच्या दिवशी आजी केंद्रावर हजर! त्या लेकीकडे उपचारासाठी गेल्या होत्या, एवढेच. हातात छायाचित्राचे ओळखपत्र होते, पण यादीत नाव नव्हते. आणि नाव नसेल तर ओळखपत्राने मत देता येत नाही. केंद्राध्यक्ष नियमाने बांधलेले होते. आजी कोणावर रागावल्या नाहीत. “मी जित्ती हाय न्हवं?” एवढेच पुन्हा पुन्हा विचारीत राहिल्या. मी तेथेच आमच्या मेजापाशी बसलो होतो. अर्ज कोणी दिला हे त्यांना ठाऊक नव्हते. मी सांगितलेही नाही. पुढे त्यांचे नाव पुन्हा घातले गेले, पण ते मत गेले ते गेलेच.

एका चुकीच्या क्रियापदाने हे होते. मग हजारोंच्या गठ्ठ्यांत काय होत असेल? २०१४ च्या लोकसभेच्या वेळी पुण्यात, मुंबईत असंख्य नागरिक केंद्रावरून परत फिरले, नावेच नव्हती; निवडणूक आयुक्तांना जाहीरपणे खेद व्यक्त करावा लागला. उलट दिशेचे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याचे. २०२४ च्या विधानसभेपूर्वी तेथे नव्या नावांसाठी ऑनलाइन अर्जांचा अचानक पूर आला. अधिकाऱ्यांनी तपास केला, सहा हजार आठशेंहून अधिक अर्ज अवैध ठरवून फेटाळले आणि पोलिसांत गुन्हाही नोंदविला. तेथे यंत्रणा जागी होती, ही समाधानाची गोष्ट. अर्ज करणारे हात कोणाचे, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

बिहारमध्ये २०२५ साली विशेष सखोल पुनरीक्षण झाले. ७ कोटी ८९ लाखांच्या यादीतून प्रारूपात सुमारे ६५ लाख नावे गळली. मृत, स्थलांतरित, दुबार अशी कारणे आयोगाने दिली. सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्टला ती नावे कारणांसह प्रसिद्ध करावयास लावली, आणि पुढे ओळखीचा पुरावा म्हणून आधारही मान्य करावयास सांगितले. अंतिम यादी ७ कोटी ४२ लाखांची झाली. पुनरीक्षण आवश्यक होते असेच मी म्हणेन; मृतांची नावे वर्षानुवर्षे वाहणारी यादी कोणाच्याही हिताची नाही. परंतु नावे कारणांसह जाहीर करण्यासाठी न्यायालयाने सांगावे लागले, हे आयोगाला भूषणावह नव्हे. दोन याद्या संगणकावर सहज ताडून पाहता येतील अशा स्वरूपात त्या का देत नाहीत, याचे गोपनीयता हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. संशय घेणाऱ्याचा हेतू वाईट असेलही. त्याला उत्तर देण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग कागद उघडा ठेवणे हाच आहे.

मतदान यंत्रांविषयी मी आज बोलणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात त्याचा ऊहापोह केलेला आहे. यंत्रात जे मत पडते ते यादीतल्या नावाने पडते; माझे काम नावापाशी आहे.

आता हातात घ्यावयाचे ते. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणजे बहुधा आपल्याच शाळेतील गुरुजी किंवा अंगणवाडीताई. शाळा सांभाळून त्यांना हे ओझे वाहावे लागते. त्यांच्याशी भांडू नका, त्यांच्याबरोबर चाला. पक्षांनी नेमलेले केंद्रस्तरीय प्रतिनिधी कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांनाही बरोबर घ्या. चार डोळ्यांपुढे लिहिलेली नोंद दोन डोळ्यांच्या नोंदीपेक्षा खरी असते. ‘मयत’ लिहिण्यापूर्वी मृत्यूचा दाखला पाहा, तो नसेल तर घरच्या माणसाची सही घ्या. ‘गेले’ असे कोणी म्हटले तर कोठे गेले, ते विचारा. येथून बदललेल्या मुलाला नमुना ८ भरून द्या. लेकीचे माहेरचे नाव काढताना ते सासरी लागले आहे ना, याची खात्री आधी करा. नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही, तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तेथून पुढे तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे जाता येते. परक्या वाटणाऱ्या माणसाविरुद्ध हरकत घ्यावयाची असेल तर अवश्य घ्या, पण पुराव्यानिशी आणि स्वतःच्या सहीने. आडनाव हा पुरावा नव्हे.

गावाच्या यादीभागांच्या प्रती मी आणल्या आहेत, त्या मागच्या मेजावर ठेवल्या आहेत. प्रत्येक भागाला दोघे हवेत, त्यांतील एक भगिनी असल्यास उत्तम, कारण घरातल्या बायका तिच्याशी मोकळेपणाने बोलतील. भाषण संपले की आपापली नावे लिहून द्या. उद्या सकाळी सात वाजता समाधी मंदिरापासून निघू, वरच्या आळीपासून आरंभ करू.