धावपटूची धोंडशीर

गावोगावीचा मारुती बहुधा उभा असतो, नाहीतर हातावर द्रोणागिरी पेलून उड्डाण करीत असतो. सौंसरजवळच्या जामसांवली येथील मारुती मात्र पहुडलेला आहे. ही शयनस्थ मूर्ती स्वयंभू मानली जाते, आणि तिच्या नाभीपाशी पाझरणारे पाणी तीर्थ म्हणून घेण्यासाठी विदर्भातून आणि सातपुड्यापलीकडूनही आजारी माणसे येथे येतात. श्रद्धेचा प्रांत निराळा आहे. त्यात शिरण्याचे येथे कारण नाही. प्रस्तुत विषय आहे तो ह्याच मुलखातील रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्या तरुणांचा, आणि त्यांच्या टाचेमागील एका दोरीचा.

पांढुर्णा आणि सौंसर हा संत्र्यांच्या बागांचा आणि कपाशीचा मराठीभाषक टापू. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा निघून त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. येथील शेतकऱ्यांची मुले सैन्यभरतीची आणि पोलीसभरतीची तयारी करतात. सैन्यभरतीत १,६०० मीटरची धाव ठरलेल्या वेळात पुरी करावी लागते. अंतर ऐकावयास थोडके वाटते. परंतु त्यासाठी मुले महिनोन्‌महिने रोज पाच-सात, कधी दहा किलोमीटर धावतात. काळ्या जमिनीच्या शिवारात धावण्याची सोय नसते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती पायाला धरून ठेवते. म्हणून धाव निघते ती डांबरी रस्त्याच्या उतरत्या कडेने. भरतीला वयाची मर्यादा असते, आणि एक हंगाम चुकला म्हणजे पुढला हंगाम हाती लागेलच असे नाही. अशा वेळी टाचेमागे दुखू लागले तर तो मुलगा काय करतो? तो दुखणे लपवितो.

पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली उतरता उतरता एका जाड, चिवट पट्ट्यात एकवटतात आणि हा पट्टा टाचेच्या हाडाला जाऊन चिकटतो. आयुर्वेदात अशा बंधांना कंडरा म्हणतात; सुश्रुताने शरीरात सोळा कंडरा सांगितल्या असून त्यांतील चार पायांत मोजल्या आहेत. टाचेमागील कंडरेला मराठीत धोंडशीर असा जुना, ठसकेबाज शब्द आहे. पाश्चात्त्यांनी तिला अकिलीझ ह्या ग्रीक वीराचे नाव दिले. शरीरातील ही सर्वांत जाड आणि बळकट कंडरा होय. धावताना दर पावलाला तिच्यावर देहाच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. साठ किलो वजनाचा मुलगा किलोमीटरभर धावला, तर पाचशेहून अधिक वेळा एकेका धोंडशिरेला चार-साडेचार क्विंटलांचा हिसका बसतो. एवढे करूनही ती कुरकुरत नाही, ही नवलाची गोष्ट.

पण एकदा ती बिघडली की तिची चाल फार सावकाश असते. स्नायू रक्ताने भरलेला असतो, म्हणून तो लवकर भरून येतो. कंडरेत रक्त थोडे. विशेषतः टाचेच्या वर दोन ते सहा सेंटिमीटरांच्या भागात ते फारच बेताचे, आणि दुखणे बहुधा तेथेच उपजते. तिची उभारणी किती जुनी असते ह्याचा एक विलक्षण पुरावा डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ साली मांडला. १९५५ ते १९६३ ह्या काळातील अणुचाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सर्गी कार्बनाचे प्रमाण वाढले होते, आणि त्याची खूण त्या काळी वाढणाऱ्या प्रत्येक शरीरात उमटली होती. ती खूण तपासता असे दिसले की धोंडशिरेचा गाभा वयाच्या सुमारे सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही. मुलगा भरतीच्या रांगेत उभा राहतो तेव्हा त्याची आयुष्यभराची दोरी वळून झालेली असते, असे म्हणावयास हरकत नाही.

बिघाड एका दिवसात होत नाही. हे अस्थिबंधाच्या दुखापतीहून अगदी वेगळे आहे. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला आणि त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. त्या अपघाताला दिवस आणि घटका आहे. कंडरेच्या झिजेला अशी घटका नसते. भरतीची जाहिरात निघते, तीन किलोमीटर धावणारा मुलगा दुसऱ्या दिवसापासून आठ धावू लागतो, चढणीवरच्या वेगवान दौडी त्यात घालतो, आणि पंधरवड्याने सकाळी अंथरुणातून उठताना पहिली दहा पावले त्याला लंगडत टाकावी लागतात. थोडे चालले की टाच मोकळी होते. धावावयास लागले की दुखणे नाहीसेच होते. ह्या दुखण्याची लबाडी नेमकी येथे आहे. अंग तापले की ते लपते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे व्याजासह हजर होते. मुलगा मात्र धावतानाची आठवण खरी धरतो आणि पहाटेची विसरतो.

दुखऱ्या पायाने मोठमोठ्यांनाही सोडलेले नाही. १९६० साली रोमला अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकणारा आणि १९६४ साली तोक्योला ती पुन्हा जिंकणारा इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६८ साली मेक्सिकोत दुखापत झालेल्या पायाने उतरला, आणि सुमारे सतरा किलोमीटरांनंतर त्याला रस्ता सोडावा लागला. पहिला आला तो त्याचाच देशबंधू मामो वोल्डे.

टाच दुखू लागली की खेड्यात दोन उपचार ठरलेले असतात. तेल लावून जोरजोराने रगडणे हा एक, आणि महिनाभर काहीच न करणे हा दुसरा. रगडण्याने घटकाभर बरे वाटते, पण कंडरा त्याने बळावत नाही. पूर्ण विश्रांतीचे फळ तर उलटेच. महिन्याभरात दुखणे थांबते, परंतु पोटरी आणि कंडरा दोन्ही अशक्त होतात. मुलगा पहिल्याच दिवशी जुन्या अंतराला हात घालतो आणि आठवड्याच्या आत पूर्वपदावर येतो. वेदनाशामक गोळ्यांचीही तीच गत. पूर्वी ह्या विकाराला कंडरेचा दाह म्हणत. पुढे दिसून आले की जुनाट दुखण्यात दाह नाममात्र असतो, तंतूंची वीणच विस्कटलेली असते. वीण गोळीने बसत नाही. कंडरेतच स्टिरॉइडाची सुई टोचून घेण्याचा मोह तर धोक्याचा आहे, कारण त्यानंतर ती तुटल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

मग उपाय कोणता? तो सापडला तो काहीसा गमतीने. उत्तर स्वीडनमधील उमिओ येथील अस्थिशल्यवैद्य हाकान आल्फ्रेडसन हे स्वतः धावणारे. त्यांची धोंडशीर दुखू लागली आणि शस्त्रक्रिया करून घ्यावी असे त्यांना वाटले. वरिष्ठांनी नकार दिला, एवढ्या कारणासाठी त्यांना रजेवर सोडणे परवडणारे नव्हते. तेव्हा कंडरा पुरती बिघडवून शस्त्रक्रिया भाग पाडावी, ह्या विचाराने त्यांनी तिच्यावर मुद्दाम भार टाकावयास सुरुवात केली. कंडरा तुटली नाही. ती बरी झाली. १९९८ साली त्यांनी पंधरा हौशी धावपटूंवर केलेला बारा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि तेथून उपचारांची दिशाच बदलली. जी दोरी ओझ्याने उसवली तिला नेमून दिलेले ओझेच पुन्हा सांधते, हे ह्या साऱ्या विषयाचे मर्म होय.

हा व्यायाम करावयास घराची पायरी पुरते. चवड्यांवर पायरीच्या कडेला उभे राहावे, भिंतीचा आधार घ्यावा, दोन्ही पायांनी टाचा उचलाव्या आणि मग सर्व भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीच्या खाली उतरवावी. वर येताना पुन्हा चांगल्या पायाचे साहाय्य घ्यावे. गुडघा ताठ ठेवून पंधरा-पंधराच्या तीन आवृत्त्या, आणि गुडघा किंचित वाकवून तितक्याच; कारण वाकलेल्या गुडघ्याने पोटरीचा आतला स्नायू कामाला लागतो आणि लांब पल्ल्याच्या धावण्यात खरा कष्टकरी तोच असतो. आल्फ्रेडसन यांनी हे दिवसातून दोनदा, आठवड्याचे सातही दिवस करावयास सांगितले. म्हणजे रोजचे १८० उतार झाले. पुढील काळात असेही दिसले की आठवड्यातून तीनच दिवस, परंतु अधिक वजनाने आणि अधिक सावकाश केले तरी फळ तेवढेच मिळते. नांगरणी-वेचणीच्या दिवसांत राबणाऱ्या मुलाला हाच प्रकार सोयीचा. वजनासाठी व्यायामशाळा नको. पाठीवरच्या पिशवीत दोन विटा घातल्या, पुढे चार घातल्या, की झाले. दुखणे टाचेच्या अगदी हाडापाशी असेल, तर मात्र टाच पायरीखाली न नेता जमिनीवरच व्यायाम करावा. खाली नेली की कंडरा हाडावर दाबली जाते. दुखण्याचा भर असताना बुटात टाचेखाली सेंटिमीटरभर जाडीचा चामड्याचा तुकडा ठेवला तर ताण हलका होतो.

दुखले तर थांबावयाचे काय, असा प्रश्न स्वाभाविकपणे येतो. स्वीडनमध्येच गोथेनबर्गला झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांना मोजून-मापून धावण्याची मुभा ठेवली होती, आणि त्यांचे काही बिघडले नाही. तेथील नियम जुन्या नाण्यांच्या हिशेबाने सांगावयाचा तर असा: असह्य वेदना म्हणजे सोळा आणे धरले, तर व्यायामात आठ आण्यांपर्यंतची वेदना चालते, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ती उतरलेली असली पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. पहाटेची पहिली दहा पावले हाच खरा न्यायाधीश. मोठ्या श्रमानंतर दिवस-दीड दिवसपर्यंत कंडरेत नव्या धाग्यांपेक्षा मोडतोडच अधिक चालते, म्हणून पुन्हा धावावयास लागताना एक दिवसाआड धावावे. आधी एका पायावर पंचवीस वेळा टाच उचलता आली पाहिजे, मग दोरीवरच्या उड्या, मग मिनिटभर धावणे आणि मिनिटभर चालणे. वेग आणि चढण सर्वांत शेवटी. मधल्या काळात छातीचा दम टिकविण्यासाठी सायकल उत्तम. ती बहुतेक घरी असते आणि धोंडशिरेला फारशी छळत नाही. ह्या सर्वांस तीन महिने लागतात, पुष्कळदा सहा.

पादत्राणांविषयी एक शब्द. १९१९ साली पुण्याला डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत दोराबजी टाटांनी जे धावपटू पाहिले ते शेतकरी होते आणि अनवाणी होते. त्यातून पुढल्या वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारतीय चमू गेला आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. ह्यावरून अनवाणी धावणेच श्रेष्ठ असा सिद्धांत काढणारे आहेत. अनवाणी धावणारा बहुधा चवड्यावर उतरतो, आणि चवड्यावर उतरणे म्हणजे पोटरी व धोंडशीर यांच्यावर जादा भार. बालपणापासून तसा धावणारा ते पेलतो. जाड टाचेच्या बुटांची सवय झालेला मुलगा एका दिवसात बूट टाकून देईल किंवा सपाट खिळ्यांचे बूट घालील, तर त्याला ते महागात पडेल.

सर्व दुखणी धोंडशिरेची नसतात. घोट्याच्या आतल्या बाजूने जाणारी कंडरा पायाची कमान उचलून धरते. ती दुखू लागली आणि कमान बसत चालली तर विलंब करू नये. बाहेरच्या बाजूच्या कंडरा घोटा वारंवार मुरगळणाऱ्यास छळतात. त्याने रोज एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव करावा. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवता येईल असे दुखत असेल, रात्री स्वस्थ पडल्यावरही ठणकत असेल, तर ती कंडरा नव्हेच. हाडाला बारीक चीर पडण्याची शक्यता असते. तेथे पायरीवरचा व्यायाम अपाय करील. धावणे तत्काळ बंद करून वैद्याकडे जावे.

आणखी एक धोका औषधाच्या दुकानातून येतो. ताप आला, पोट बिघडले की सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या गोळ्या चिठ्ठीवाचून घेण्याची खोड आपल्याकडे सर्वत्र आहे. ह्या जातीच्या औषधांनी कंडरा दुखावते, क्वचित तुटतेही. अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनी २००८ साली त्यांच्यावर ठळक इशारा छापावयास लावला. धावणाऱ्याने गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना आपण धावतो हे सांगावे.

कंडरा तुटते तेव्हा काय होते हे पांढुर्ण्याच्या माणसाला समजावून सांगणे सोपे आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. धोंडशीर तुटताना मागून तसाच धोंडा बसल्याचा भास होतो. माणूस वळून पाहतो तर मागे कोणी नसते. अशा वेळी त्याला खाटेवर पालथे निजवावे, पाऊल काठाबाहेर राहू द्यावे आणि पोटरी हाताने दाबावी. धड पायाचे पाऊल दाबताच खाली झुकते. तुटलेल्याचे हलत नाही. मग रगडू नये, चालवू नये, पाऊल खाली झुकलेल्या स्थितीतच बांधून त्याच दिवशी नागपूर किंवा छिंदवाडा गाठावे. शस्त्रक्रिया हवीच असे नाही. नॉर्वेतील पाचशेहून अधिक रुग्णांच्या तपासणीचा निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला. वर्षाअखेरीस शस्त्रक्रिया झालेले आणि न झालेले रुग्ण सारखेच चालत-फिरत होते. शस्त्रक्रियेवाचून पुन्हा तुटण्याचे प्रमाण शेकडा सहाच्या आसपास, शस्त्रक्रियेनंतर शेकडा एकाहूनही कमी. उलट मज्जातंतूला इजा शस्त्रक्रियेत अधिक. दोन्ही मार्गांनी धावण्यास वर्ष लागू शकते, आणि दोन्ही मार्गांवर अखेरीस तीच पायरी, तीच भिंत आणि पिशवीतल्या त्याच विटा येतात.