आजीचा हडपा

एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत गावाकडच्या वाड्यातला हडपा, म्हणजे मोठी लाकडी पेटी, येऊन पडला, की पहिला प्रश्न जागेचा. दुसरा, हा खरंच जुना का?

उत्तर पाठीमागे आणि तळाशी असतं. पुढून काय, सगळेच नटतात! हडपा आडवा करा, बोटं फिरवा. हातरंध्याने तासलेली फळी किंचित खालीवर लागते, यंत्रातून निघालेली एकसारखी सपाट. खिळे चौकोनी, लोहाराने घडवलेले असतील किंवा लाकडी खुंट्या असतील, तर काम बहुधा जुनं. साग आतून जरासा खरवडला की तेलकट, चामड्यासारखा वास येतो. शिसव जड आणि काळपट.

घाईने पॉलिश पेपर घासू नका, ही कळकळीची विनंती. आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा लावून बघा. थर चिकट झाला तर ते चपड्याचं जुनं पॉलिश. चपड्याचाच नवा हात दिला की ते पुन्हा उजळतं. पिठासारखा भुगा गळत असेल तर आधी किडीचा बंदोबस्त.

मग वर गादी टाका, बसायला बैठक झाली, आत गोधड्या. मूळ बिजागऱ्या आणि कडी तेवढी बदलू नका.

आणि हो, कलाकुसरीची वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल, तर १९७२ च्या कायद्यानुसार ती परदेशातल्या लेकाला परस्पर धाडता येत नाही. त्याला फोटो पाठवा.