जलगालन : आचार आणि आरोग्य



जैन कुटुंबाची ओळख पूर्वापार दोन गोष्टींनी सांगितली जाते : सूर्यास्तापूर्वीचे भोजन आणि गाळलेले पाणी. तेराव्या शतकात पंडित आशाधर यांनी ‘सागारधर्मामृत’ या ग्रंथात श्रावकाचे आठ मूलगुण सांगताना जीवदयेच्या जोडीला जलगालनाची गणना केली आहे. दुहेरी, जाड व स्वच्छ वस्त्रातून पाणी गाळावे आणि वस्त्रावर राहिलेली जीवाणी ज्या जलाशयातील पाणी असेल त्यातच हळुवारपणे परत सोडावी, असा हा आचार आहे.

त्याचा मूळ हेतू जीवरक्षेचा. तथापि कापडाने पाणी गाळल्यास मनुष्याचेही रक्षण होते, हे बांगलादेशातील एका अभ्यासाने दाखवून दिले. डॉ. रीटा कॉलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील मतलब भागातील खेड्यांमध्ये जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळण्याचा प्रयोग केला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कॉलऱ्याचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातील सूक्ष्म प्लवकांना चिकटून राहतात. प्लवक वस्त्रात अडकले की त्यांच्यासह जंतूही अडकतात.

परंतु याच आकड्यात वस्त्राची मर्यादाही दिसते. रोग निम्म्याने घटला, नाहीसा झाला नाही. पाण्यात सुटे फिरणारे जंतू वस्त्राच्या छिद्रांतून सहज निसटतात. काविळीचा विषाणू तर मिलिमीटरच्या सुमारे तीस हजाराव्या भागाएवढा असतो. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून ‘हेपॅटायटिस ई’ या काविळीची मोठी साथ पसरली होती. हा रोग गर्भवती स्त्रियांना विशेष घातक ठरतो. अशा वेळी केवळ गाळण्यावर विसंबणे म्हणजे अर्ध्या वाटेवर थांबणे होय.

उरलेली वाटही परंपरेनेच दाखविली आहे. ती म्हणजे उकळलेले, प्रासुक पाणी. खळखळून उकळी आल्यानंतर किमान एक मिनिट पाणी तसेच उकळू द्यावे, म्हणजे रोगजंतू व विषाणू नष्ट होतात. नंतर ते त्याच भांड्यात झाकून निववावे. पावसाळ्यात पाणी गढूळ आल्यास ते आधी निवळू द्यावे, गाळावे व मगच उकळावे. उकळणे शक्य नसल्यास क्लोरीनचे द्रावण बाटलीवर दिलेल्या प्रमाणात मिसळून अर्धा तास थांबावे.

येथे शास्त्रकारांची एक सूक्ष्म दृष्टी ध्यानी घेण्याजोगी आहे. त्यांनी शुद्ध केलेल्या पाण्यालाही कालमर्यादा घातली. दिगंबर परंपरेत गाळलेले पाणी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, आणि उकळलेले पाणी चोवीस तास चालते. श्वेतांबर परंपरेत उकळलेल्या पाण्याची मर्यादा उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात चार व पावसाळ्यात तीन प्रहर आहे. एकदा शुद्ध झालेले पाणी कायमचे शुद्ध राहत नाही, हे त्यातील मर्म होय.

आज घरोघरी नेमका याच मर्माचा विसर पडलेला दिसतो. नळाच्या तोंडाला बांधलेले गाळणे महिनोन्‌महिने सुटत नाही. ते सदैव ओले व बुळबुळीत राहते आणि जीवरक्षेचे साधनच जंतूंचे घर बनते. गाळणे रोज धुऊन उन्हात वाळवावे, विरले की बदलावे. उकळलेल्या पाण्याच्या माठात हात वा पेला बुडविला, तर बोटांवरचे जंतू पुन्हा त्यात उतरतात. म्हणून माठाला तोटी असावी, अथवा लांब दांड्याचे ओगराळे वेगळे टांगलेले असावे. माठ रोज रिकामा करून धुवावा, शिळ्या पाण्यावर ताजे ओतू नये.

शुद्धीकरण यंत्र घेतले म्हणजे चिंता मिटली, हाही भ्रमच आहे. यंत्रातील कार्बन पाण्यातील क्लोरीन काढून टाकतो. त्यामुळे यंत्रातून निघालेल्या पाण्याला पुढे कोणतेही संरक्षण उरत नाही. यंत्राची टाकी व गाळण्या वेळच्या वेळी स्वच्छ केल्या नाहीत, तर तेथेही जंतू वाढतात. शिवाय आर.ओ. यंत्रातून बरेच पाणी वाया जाते. ते लादी पुसण्यास वापरणे हाही जलविवेकच होय.

घराप्रमाणेच मंदिर, धर्मशाळा व पाणपोई यांचीही जबाबदारी समाजाकडेच आहे. तहानलेल्या वाटसरूला पाणी देणे हे पुण्यकर्म खरे, पण पाणपोईवर येणारा वाटसरू टाकीत डोकावून पाहत नाही. तो देणाऱ्यावर विश्वास ठेवून पाणी पितो. तेव्हा पाणपोईवर दात्याचे नाव कोरले जाते, तशीच टाकी धुतल्याची तारीखही तेथे लिहिलेली असावी, आणि ती फार जुनी नसावी.

जय जिनेंद्र.